डाव्या कानावरचा कुणुक्कू

बोटीचा भोंगा ऐकू आला की दिवाकरन खिडकीखाली सरकायचा. सरकायचा म्हणजे काय, उजव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून अंग खाली सोडायचा आणि बोट पुढे जाईपर्यंत तसाच घसरलेल्या पोत्यासारखा पडून राहायचा. ज्या बोटीचं सुकाणू त्याने जन्मभर धरलं, तीच ही बोट. कालव्याच्या दोन्ही काठांना थांबत शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका घेऊन जाणारी. नवा सारंग पोरगा गुणी होता. या घरासमोर आला की मुद्दाम दोनदा भोंगा द्यायचा, जुन्या सारंगाला सलाम म्हणून. त्या सलामाने आत बसलेल्या माणसाच्या काळजाचं पाणी होतं, हे त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार?

दिवाकरनच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता सहा-सात महिने झाले होते. डावा हात मेल्यासारखा, डावा पाय ओढत न्यावा लागायचा आणि तोंडाचा डावा कोपरा असा उतरला होता की चहाचा दुसरा घोट हमखास पंच्यावर सांडायचा. बोलायला गेला की शब्द ओल्या वातीसारखे पेटायचेच नाहीत. घर बांधावर, पुढे कालवा, मागे पाण्याखाली गेलेलं भातशेत. कुठेही जायचं तर होडीत पाय टाकायला हवा आणि होडीच्या नुसत्या विचाराने त्याला घाम फुटायचा. पाण्यावर हाडं झिजवलेला माणूस आता घाटाच्या पहिल्या पायरीकडे बघायलाही भ्यायचा.

पाण्याची भीती एक वेळ परवडली. खरी भीती पलीकडच्या काठावर बसली होती. घरासमोरच बोटीची जेट्टी, तिच्यावर पत्र्याची शेड, शेडला चिकटून चहाची टपरी. रोज दुपार कलली की तिथे पत्त्यांचा, अठ्ठावीसचा डाव पडायचा. पान आपटल्याचा आवाज पाण्यावरून सरळ घरात येतो, भिंतीला जुमानत नाही. मग दिवाकरन बायकोला खिडकी लावायला सांगायचा आणि ती लावली की कान देऊन बसायचा.

त्या डावात त्याची जागा होती. कुट्टप्पन त्याचा जोडीदार, कालव्यात बुडी मारून शिंपल्या काढणारा. समोरच्या जोडीत बदकांचा कळप पाळणारा औसेप्पच्चन आणि शाळेतून निवृत्त झालेले राघवन माष, म्हणजे मास्तर. चौघे मिशा फुटल्यापासून खेळत आले होते. अठ्ठावीसमध्ये गुलाम सगळ्यांत मोठा, त्याखाली नव्वी, मग एक्का. राजा-राणीला कुत्रं विचारत नाही. अठ्ठावीस गुणांपैकी किती काढू त्याची बोली लावायची, हुकूम झाकून ठेवायचा आणि समोर बसलेल्या जोडीदाराला डोळ्याने, ओठाने, भुवईने काहीही कळवायचं नाही. खुणा करणं हे पाप. आणि हरलेल्या जोडीच्या कानावर कुणुक्कू. म्हणजे गळून पडलेलं लिंबाएवढं नारळाचं बोंड घ्यायचं, त्याला माडाचा हीर टोचून वाकवायचा आणि ते डूल कानावर अडकवायचं. ते घेऊनच घरी जायचं, बाजार करायचा, रात्री झोपायचं. पुढचा डाव जिंकल्याशिवाय उतरवायचं नाही. जो उतरवेल त्याला पुन्हा पानांना हात लावू देत नाहीत. दिवाकरनने कैकदा कानावर बोंड घेऊन सरकारी बोट चालवली होती आणि प्रवासी बायका पदराआड हसल्या होत्या.

त्या दिवशीही तो असाच खेळत होता. अचानक डाव्या हातातली पानं बाकावर उलटी पडली. औसेप्पच्चन म्हणाला, "वा! आता जोडीदाराला उघड पानं दाखवायची पद्धत निघाली काय?" दिवाकरनने पानं गोळा केली, पुन्हा पडली. मग त्याचं तोंड एका बाजूला ओढलं जाऊ लागलं.

"ए दिवाकरा, तोंड वाकडं करून खुणा करू नकोस!" औसेप्पच्चन ओरडला.

दिवाकरन उत्तर द्यायला गेला आणि तोंडातून नुसता लगदा बाहेर पडला. कुट्टप्पन पोट धरून हसला. "बघा, पकडला गेला तर आता नाटक करतोय!" माषांनी न्याय दिला, खूण केली म्हणजे डाव गेला. औसेप्पच्चनने स्वतःच्या हाताने त्याच्या कानावर कुणुक्कू अडकवला आणि पुढचा डाव वाटला. दिवाकरनला सगळं ऐकू येत होतं, सगळं दिसत होतं. मला काहीतरी होतंय, हे तीन शब्द त्याला सांगायचे होते आणि ते बाहेर येत नव्हते. आयुष्यात तो एवढा कधी भ्याला नव्हता. चहा आला, पिऊन झाला, तेव्हा कुठे तो बाकावरून कलंडला.

जिल्ह्याच्या इस्पितळात तरुण डॉक्टरने विचारलं, "तोंड वाकडं कधी झालं?" "चहाच्या आधी," माष म्हणाले. "लवकर आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाला. त्याचं लक्ष पेशंटच्या कानाकडे गेलं होतं. सरसम्माने, म्हणजे दिवाकरनच्या बायकोने, ते बोंड कानावरून हिसकलं आणि खिडकीबाहेर भिरकावलं.

तेव्हापासून औसेप्पच्चन घराची पायरी चढला नव्हता. अधूनमधून घाटाच्या पायरीवर बदकाच्या अंड्यांची पिशवी सापडायची. सरसम्मा गुपचूप कालवण करायची, दिवाकरन गुपचूप खायचा आणि प्रत्येक घासाला त्याला वाटायचं, ही भीक आहे. माणसातून उठलेल्याला लोक असंच लांबून काहीतरी ठेवून जातात. कुट्टप्पन आणि माष पहिले काही दिवस येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि याने तोंड उघडलं की समजल्यासारखी मान हलवायचे. मग तेही यायचे बंद झाले.

औषधपाणी बघायला आठवड्याला पंचायतीची लिसी सिस्टर बोटीने यायची. तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. एक दिवस तिने त्याचा डावा हात वळवता वळवता थोरल्या भावाला ऐकवावं तसं ऐकवलं, "दिवाकरन चेट्टा, हात मी वळवून देईन. जीभ कोण वळवणार? ती भांडल्याशिवाय सुटत नाही. आणि बायकोशी भांडून उपयोग नाही, ती ऐकून घेते."

"मी कुठे ऐकून घेते?" सरसम्मा आतून म्हणाली.

"बरं, नका घेऊ. चेट्टा, माणसांत जा. घरात बसून बसून दुसरा झटका लवकर येतो."

दुसरा झटका हा शब्द दिवाकरनच्या छातीत रुतून बसला. सिस्टर गेली, पण सरसम्माने तिचं बोलणं पदराला बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाटावर उभी राहून पलीकडे ओरडली, "कुट्टप्पा! चारला होडी घेऊन ये. तुझ्या जोडीदाराला घेऊन जा."

दिवाकरन आतून "नको, नको" म्हणत राहिला. ते "ओको, ओको" असं बाहेर पडलं. तिने साफ न कळल्याचं सोंग केलं.

दुपारी त्याने पेज खाल्ली नाही. होडी कलली तर? डावी बाजू दगडासारखी, सरळ तळाला जाईन. तिथे लाळ गळली तर? बोली लावता आली नाही तर? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते हसले नाहीत तर? मान हलवत बसले तर? घरात बसून त्याला निदान एवढं तरी म्हणता येत होतं की मी गेलो असतो तर त्यांनी मला बसवून घेतलं असतं. आज गेल्यावर तेही म्हणता येणार नव्हतं.

कुट्टप्पन आला तो एकदम पाठीवर घ्यायलाच वाकला. "चल, जास्त नखरे नकोत. शिंपल्यांच्या टोपलीपेक्षा तू हलका झालास." त्याने त्याला होडीच्या मधोमध पालथ्या टोपलीवर बसवलं आणि बांबूने होडी लोटली.

दिवाकरनने उजव्या हाताने होडीची कड अशी धरली की नखं पांढरी पडली. आपण डावीकडे कलतोय की नाही, हे त्याला कळत नव्हतं. ती बाजू काही सांगतच नव्हती. पाणी हाताच्या अंतरावर होतं. त्याने डोळे मिटले, तर आणखी गरगरलं. उघडले, तर समोरून बोट येताना दिसली.

इथे खिडकी नव्हती. सरकायला खालीही जागा नव्हती. बोटीतली सगळी तोंडं एका बाजूला झाली. कोणीतरी म्हणालं, "अरे, आपला सारंग!" आणि दोनदा भोंगा वाजला. पोराने मर्यादा राखून इंजीन बंद केलं, तरी लाटा आल्याच. होडी वर गेली, खाली आली, पाणी आत उसळलं. दिवाकरनच्या घशातून एक आवाज निघाला, जनावराच्या पिल्लासारखा. बोट गेल्यावर त्याने खाली पाहिलं. कमरेचा मुंडू ओला झाला होता. पाण्याने की कशाने, त्यालाच माहीत नव्हतं, आणि शरमेने तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

कुट्टप्पनने ते पाहिलं. त्याने वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि स्वतःच्या मुंडूवर उडवलं. "काय लाट मारली रे कार्ट्याने! भिजवलं दोघांना." आणि पुन्हा बांबू रेटला.

शेडमध्ये बाकाभोवती माष आणि औसेप्पच्चन होते. दिवाकरनला कुट्टप्पनने आणून बसवलं, तसा औसेप्पच्चन उठला. "मी निघतो. बदकं पलीकडच्या शेतात गेलीत, अंधार पडायच्या आत..."

"बदकांना घरचा रस्ता तुझ्याआधी कळतो," माष म्हणाले. "बस खाली."

तो बसला. पण टपरीकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. समोरच्या माणसाकडे काही बघितलं नाही. दिवाकरनला वाटलं, माझं तोंड बघवत नाही याला. परत न्या, असं सांगावं म्हणून त्याने कुट्टप्पनकडे पाहिलं, तर तो झावळीचा एक जाड दांडा बाकावर ठेवत होता. दांड्याला लांब चीर पाडलेली. तिच्यात त्याने दिवाकरनची पानं एकेक करून उभी केली, पाठ बाहेर, तोंड आत. "हे तुझं नवं डावं मनगट. पानं पाडत नाही, तक्रार करत नाही."

पहिला डाव दिवाकरनने जिंकला. बोली लावताना त्याचं "सोळा" कोणाला नीट कळलं नाही, तरी सगळे लगेच "हो, हो, सोळा" म्हणाले. त्याने इस्पिकची नव्वी टाकली. हात गेला असं तो धरून चालला होता, कारण इस्पिकचा गुलाम बाहेर होता. औसेप्पच्चनने त्यावर सत्ती टाकली. हात दिवाकरनचा झाला. आणि अगदी शेवटच्या हाताला औसेप्पच्चनकडून इस्पिकचा गुलाम गुपचूप, खाली मान घालून बाहेर आला.

माष म्हणाले, "छान खेळलास हो दिवाकरा." टपरीवाल्यानेही तिथून मान हलवली.

दिवाकरनला सगळं कळलं. आधी तो घाबरला होता की हे हाकलतील. हे तर त्याहून भयंकर होतं. लहान मुलाला जिंकू देतात, मरायला टेकलेल्याला जिंकू देतात, तसं हे त्याला जिंकू देत होते. उद्याही देतील, परवाही. मग कंटाळतील, आणि एक दिवस कुट्टप्पनची होडी यायची नाही. त्याने सांगायचा प्रयत्न केला, "नीत... खे..." तिघांनीही मान हलवली.

पुढची पानं वाटली गेली. हातात धड पान म्हणजे एक गुलाम, एक नव्वी. सोळाचीसुद्धा भीत भीत लावावी अशी पानं. दिवाकरनने उजव्या हाताने बाकावर थाप मारली आणि जमेल तेवढं स्पष्ट म्हणाला, "चो...वीस."

कुट्टप्पनचा आ वासला. "किती?"

"चोवीस."

चोवीसची बोली म्हणजे समोरच्यांच्या तोंडावर सांगणं, की तुम्ही खेळायला बसलाच नाहीत. असली बोली कोणाला दानात द्यायची म्हणजे सगळ्या जेट्टीने वर्षभर नावं ठेवायची. औसेप्पच्चनने पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या नाकपुड्या फुगल्या. बदकं चोरीला गेली तर तो सोसेल, पण हे त्याच्या रक्तात नव्हतं. "चोवीस काय?" तो म्हणाला. "ठेव हुकूम. बघतो मी."

मग खरा डाव सुरू झाला. औसेप्पच्चन पान असं आपटायला लागला की चहाचे पेले हलले. माषसुद्धा चष्मा कपाळावर चढवून बसले. बोट येऊन गेली ती कोणी पाहिली नाही. दिवाकरन पानं मोजत होता, कोणाचा एक्का गेला, कोणाची नव्वी उरली, आणि मोजता मोजता सवयीने त्याची जीभ गालात गेली, ओठ ओढला गेला, उतरलेला कोपरा आणखी वाकडा झाला.

"ए दिवाकरा, तोंड वाकडं करून खुणा करू नकोस!"

औसेप्पच्चनच्या तोंडून निघून गेलं ते. तेच शब्द, तोच सूर.

औसेप्पच्चनचा चेहरा राखेसारखा झाला. "देवा," तो पुटपुटला. "मी त्या दिवशी पण... माझ्यामुळे रे. मी ओरडलो म्हणून सगळे हसत बसले. मी तुझ्या दारात कुठल्या तोंडाने येणार होतो?" आणि तो मोठा गडी भरल्या शेडमध्ये रडायला लागला. कुट्टप्पनने पानं पालथी ठेवली. माष उठायच्या बेतात होते.

दिवाकरनला तो सगळा दिवस पुन्हा दिसला, तो बाक, तो चहा, बाहेर न आलेले ते तीन शब्द. तीच भीती पुन्हा आली. पण त्याहून मोठी भीती आता समोर होती. पानं पालथी पडली होती. हे तिघे आता त्याला उचलतील, मायेने घरी पोचवतील, आणि पुन्हा कधी बाकावर पान पडायचं नाही. आत्ताच बोलायला हवं होतं, आणि जीभ पुन्हा त्या दिवसासारखीच गठ्ठा होऊन बसली होती. त्याने बाक पकडला. घाम त्याच्या डोळ्यांत गेला.

"खूण... नाही," तो म्हणाला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "तोंडच... आता... असं आहे." मग दम घेतला. "पान... टाक."

औसेप्पच्चननेही पानं खाली ठेवली.

"टाक... की... रे... बदक्या!"

आधी कुट्टप्पन हसला. मग माषांना ठसका लागला. औसेप्पच्चनने बाहीने नाक पुसलं, पान उचललं आणि असं आपटलं की टपरीवाला दचकला. बदामचा गुलाम. दिवाकरनची चोवीसची बोली तिथेच आडवी झाली.

माषांनी बोंडं शोधली, हीर टोचले. कुट्टप्पनने निमूट कान पुढे केला. दिवाकरनसमोर मात्र औसेप्पच्चन बोंड हातात घेऊन नुसता उभा राहिला. "राहू दे," तो म्हणाला. "आज नको."

दिवाकरनने मान फिरवून डावा कान पुढे केला. त्या दिवशीचाच. औसेप्पच्चनच्या बोटांना धड अडकवता येईना. शेवटी एकदाचं अडकलं. दिवाकरनला त्याचं वजन कळलं का? कानाला नाही कळलं. पण मान हलवली तसं ते गालाच्या हाडाला लागलं.

परतताना ऊन उतरलं होतं. कानावर बोंडं घेतलेले दोघे जण होडीत. दिवाकरनची भीती कुठे गेली नव्हती. त्याने होडीची कड तशीच घट्ट धरली होती आणि पाणी तेवढंच जवळ होतं. मधेच त्याने एकदा कड सोडून कान चाचपला आणि लगेच पुन्हा पकडली.

सरसम्मा घाटावर उभी होती. दुपारपासून तिने सगळे देव पाण्यात ठेवले होते. होडी टेकली, आणि तिला त्याच्या कानावर ते बोंड दिसलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिला इस्पितळ दिसलं, डॉक्टर दिसला. तिने पायरीवरून वाकून कानाकडे झडप घातली.

दिवाकरनने उजव्या हाताने तिचं मनगट धरलं. तोंड वाकडं झालं, लाळ हनुवटीवर आली, ती त्याने पुसली नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "उद्या... जिंकून... उतरवायचाय."